चौथा कॅनॉल सुटू नये म्हणून: मुळांची रचना बदलते तिथे आरसीटी कशी करावी

वरच्या पहिल्या दाढेची आरसीटी (रूट कॅनॉल ट्रीटमेंट) झालेली असते. कॅप बसलेली असते, एक्स-रेत तिन्ही कॅनॉल (मुळांतल्या पोकळ वाटा) टोकापर्यंत भरलेले दिसतात, आणि आठ-दहा महिन्यांनी पेशंट येऊन सांगतो, "डॉक्टर, गरम-गार काय लागत नाही ओ, पण मटणाची नळी चावली की त्याच बाजूला ठणका बसतोय." अशा वेळी भरलेल्या तीन कॅनॉलमध्ये खोट शोधण्याआधी चौथा राहिलाय का ते बघावं. पहिला संशय मेझिओबक्कल, म्हणजे पुढच्या-गालाकडच्या, मुळातल्या दुसऱ्या कॅनॉलवर, म्हणजे एमबी-टूवर घ्यायचा.

कॅनॉल म्हणजे मुळातून जाणारी एक सरळ नळी, हा समज फार पूर्वीच मोडला आहे. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी अडीच हजारांहून जास्त दातांत रबर भरून आतल्या पोकळीचे साचे काढले. १९२५ साली ते काम इंग्रजीत आलं तेव्हा फाटे, जाळ्या, आडवे दुवे सगळं लोकांसमोर होतं. १९८४ मध्ये व्हर्टुची यांनी या रचनांचे आठ प्रकार मांडले. ते परीक्षेपुरते पाठ करून विसरले जातात. पण खुर्चीशेजारी उभं असताना त्यातले दोनच प्रश्न कामाचे असतात: कॅनॉल फुटतो कुठे, आणि पुन्हा जुळतो का? वर दोन असून खाली, म्हणजे मुळाच्या टोकाकडे, एक झाले, तर दुसरा सुटला तरी निदान टोक बंद होण्याची शक्यता राहते. दोघांची टोकं वेगळी असतील, किंवा वर एक असून खोल गेल्यावर दोन झाले असतील, तर सुटलेला कॅनॉल आज ना उद्या त्रास देतोच.

आपल्या कोल्हापूर भागात आणखी एक गोष्ट आहे. दातांनी ऊस सोलायची सवय, वर्षानुवर्षांची मिश्री, रोजची ज्वारीची भाकरी. कागल, शाहूवाडी, राधानगरीकडून येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या पेशंटच्या दाढा कित्येकदा सपाट झिजलेल्या असतात. झीज होत जाते तसं आत नवं डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) साठत जातं, चेंबर (दाताच्या मधली पोकळी) आकसतं, ओरिफिस (कॅनॉलची तोंडं) बारीक होतात. कॅनॉल जागेवरच असतो, पण त्याच्या तोंडावर पापुद्रा चढलेला असतो.

एक्स-रे दोन, आणि कोन बदलून

आरसीटी करायची ठरली की एक सरळ आणि एक मेझिअल (पुढच्या दातांकडच्या) बाजूने साधारण २० अंश ट्यूब सरकवून, असे दोन एक्स-रे काढा. आरव्हीजी (डिजिटल एक्स-रे) असेल तर दुसऱ्या फोटोला अर्धं मिनिटही लागत नाही, तरी बहुतेक ठिकाणी तो काढला जात नाही. वाचायचा नियम सोपा: ट्यूब ज्या दिशेला सरकली, त्याच दिशेला जिभेकडची वस्तू सरकलेली दिसते आणि गालाकडची उलट दिशेला.

फोटोत चार खुणा शोधा. कॅनॉलची काळी रेघ मुळाच्या मध्यावर एकदम पुसट झाली किंवा तुटली, तर तिथे तो फुटला आहे असं धरून चला. खालच्या प्रीमोलरमध्ये (सुळा आणि दाढ यांमधल्या दातात) ही खूण फार कामाची. मुळाची बाहेरची कड किंवा मुळाभोवतीच्या लिगामेंटची रेघ दुहेरी दिसली, तर मागे आणखी एक मूळ लपलेलं असू शकतं. आत घातलेली फाईल (कॅनॉल घासायची बारीक सुई) मुळाच्या मधोमध न दिसता एका कडेला दिसली, तर दुसरा कॅनॉल दुसऱ्या कडेला असणार. आणि वरच्या पहिल्या प्रीमोलरमध्ये मुळाची मधली रुंदी दाताच्या हिरडीवरच्या भागाच्या रुंदीइतकी किंवा त्याहून जास्त दिसली, तर तिथे तीन मुळं असण्याचा संभव मोठा असतो.

दुसऱ्या बाजूच्या त्याच दातावरही एक नजर टाका. सी-आकाराचा कॅनॉल किंवा जादा मूळ अनेकदा दोन्ही बाजूंना सापडतं. पेशंटची ३६ नंबरची (खालच्या डाव्या पहिल्या दाढेची) जुनी आरसीटी तुमच्याकडेच झाली असेल, तर ४६ ला (उजवीकडच्या त्याच दाढेला) हात लावण्याआधी तिचं कार्ड काढून बघा.

चेंबर उघडताना

दाढेत कस्पच्या (चावायच्या बाजूच्या उंचवट्याच्या) टोकापासून चेंबरच्या छतापर्यंतचं अंतर सरासरी ६ मि.मी.पेक्षा थोडं जास्त असतं. चेंबरची उंची दीड ते दोन मि.मी.च्या आत, आणि तळापासून फर्केशनपर्यंत (मुळं फुटतात त्या जागेपर्यंत) जेमतेम ३ मि.मी. म्हणजे बर (ड्रिलचं पातं) टोकापासून ८ मि.मी. आत गेला आणि तरी चेंबरमध्ये 'पडल्याचा' अंदाज आला नाही, तर तिथेच थांबा. फोटो काढा, दिशा तपासा. उसाने आणि मिश्रीने झिजलेल्या दाढेत कस्पच राहिलेली नसते, तेव्हा हा आकडा त्या प्रमाणात कमी धरायचा. आधी बर एक्स-रेवर ठेवून किती खोल जाणार ते मोजा आणि त्याच्यावर मार्करने खूण करा.

छत निघालं की गोल बर बाजूला ठेवा. पुढचं रुंदीकरण टोक न कापणाऱ्या बरने, म्हणजे एंडो-झी किंवा तसल्याच बरने करा. त्याने भिंती मोकळ्या होतात आणि तळाला इजा होत नाही. चेंबर सुकवून डीजी-१६ प्रोबने (टोकदार शोधणीने) छताची कोणतीही कड अडकत नाही ना, हे सगळीकडून बघा. छताचा एक कोपरा राहिला म्हणून सुटलेले कॅनॉल पुष्कळ असतात.

रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावण्याआधी दात किती तिरका आहे ते बघून घ्या. डॅम लागल्यावर तिरपेपणा कळत नाही आणि बर मुळाच्या बाजूने बाहेर निघतो. कॅप असलेल्या दातात तर कॅपची दिशा खऱ्या दाताशी जुळेलच असंही नाही. म्हणून हिरडीजवळच्या सीईजेचा (एनॅमल आणि मूळ मिळतात त्या रेघेचा) घेर पीरिओ प्रोबने चारी बाजूंनी चाचपून घ्या. चेंबर त्या घेराच्या मधोमध असतं, कॅपच्या मधोमध नसतं.

तळ वाचायचा

क्रॅसनर आणि रँको यांनी २००४ मध्ये पाचशे दातांचे तळ पाहून नियम मांडले. एमबी-टूपासून सी-आकारापर्यंत सगळीकडे तेच उपयोगी पडतात. तळाचा रंग भिंतींपेक्षा कायम गडद असतो. भिंत आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यातच ओरिफिस असतं. तळावर काळसर रेघा दिसतात आणि त्यांच्या टोकाला ओरिफिस सापडतं. वरच्या दाढा सोडल्या, तर मेझिअल-डिस्टल (पुढून मागे जाणाऱ्या) मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ओरिफिस सारख्या अंतरावर असतात.

हा शेवटचा नियम खालच्या दाढेत लावून बघा. डिस्टल (मागचं) ओरिफिस मध्यरेषेवर बसलेलं असेल, तर डिस्टल कॅनॉल एकच असण्याची शक्यता जास्त. ते गालाकडे सरकलेलं दिसलं, तर तेवढ्याच अंतरावर जिभेकडे दुसरं शोधायचं. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

गडद तळाऐवजी पिवळट, काचेसारखा चमकणारा पृष्ठभाग दिसला, तर तो तळ नाही. तो पल्पस्टोन (चेंबरमध्ये तयार झालेला खडा) किंवा साठलेलं डेंटिन आहे. बऱ्याचदा तो अल्ट्रासॉनिक टिपने हलवला की सुटून येतो आणि खाली खऱ्या रेघा दिसतात. यातच घाई झाली की तळाला भोक पडतं. बर तळावर टेकवून डेंटिन 'शोधत' फिरवू नका.

शंका असेल तिथे चेंबर हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) भरून दोन-तीन मिनिटं निरखून बघा. जिथे आत टिश्यू उरलेली आहे तिथून बारीक बुडबुडे वर येतात. मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून धुतलं, तरी रेघा आणि ओरिफिस निळे उठतात. लूप्स (भिंगाचा चष्मा) २.५ पटीचे असले तरी फरक पडतो, मायक्रोस्कोप असेल तर उत्तमच. पण उघड्या डोळ्यांनी तळ न वाचणाऱ्याला मायक्रोस्कोप काही दाखवणार नाही.

एमबी-टू

वरच्या पहिल्या दाढेत मेझिओबक्कल मुळात दुसरा कॅनॉल असणं हे नेहमीचंच आहे. कुलिड आणि पीटर्स यांनी १९९० मध्ये वरच्या पहिल्या-दुसऱ्या दाढांचं ते मूळ कापून मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तेव्हा ९५ टक्क्यांहून जास्त मुळांत दुसरा कॅनॉल सापडला. तुमच्या दवाखान्यात तो वीस-तीस टक्केच दिसत असेल, तर पेशंटची शरीररचना वेगळी नाही, शोधण्याची पद्धत अपुरी आहे.

जागा अशी: एमबी-वनपासून (त्याच मुळातल्या पहिल्या कॅनॉलपासून) पॅलॅटल (टाळूकडच्या) ओरिफिसकडे एक रेघ मनात आखा. एमबी-टू त्या रेघेवर किंवा तिच्या मेझिअल बाजूला, एमबी-वनपासून पॅलॅटल दिशेला साधारण १ ते ३ मि.मी.वर असतो. पण बहुतेक वेळा त्याच्या तोंडावर मेझिअल भिंतीतून पुढे आलेली डेंटिनची कड झुकलेली असते. म्हणून नेहमीचा त्रिकोणी ॲक्सेस (चेंबर उघडायचं भोक) इथे कमी पडतो. त्याची मेझिअल बाजू वाढवून चौकोनाकडे झुकणारा आकार करा.

मग ती कड काढायची. अल्ट्रासॉनिक टिप कमी पॉवरवर ठेवा, किंवा लांब दांड्याचा बारीक गोल बर घ्या. एमबी-वनपासून पॅलॅटलकडे जाणारी रेघ धरून एक बारीक चर पाडायचा, पण चराचा कल मेझिअलकडे आणि खाली ठेवायचा. डिस्टलकडे झुकलात तर फर्केशन तिथेच आहे. दर अर्ध्या मि.मी.ला थांबा, सुकवा, प्रोब टेकवून बघा. प्रोब रुतला आणि काढताना किंचित अडखळला, की ओरिफिस मिळालं. साधारण २ मि.मी. खोल जाऊनही काही लागलं नाही, तर थांबा, चर तसाच ठेवून कोन बदलून फोटो काढा. ३ मि.मी.च्या पुढे जाणं धोक्याचं आहे.

ओरिफिस मिळूनही ८ किंवा १० नंबरची फाईल एक-दोन मि.मी. जाऊन आपटते, हे इथलं नेहमीचं गाऱ्हाणं. कारण हा कॅनॉल सुरुवातीलाच मेझिओबक्कल दिशेला वळतो आणि मग खाली उतरतो. फाईल जोराने ढकललीत तर पायरी पडते आणि मग कोणाच्याच हाताला तो लागत नाही. फाईलच्या टोकाला २ मि.मी.वर बाक द्या, हँडल डिस्टोपॅलॅटल बाजूला झुकवून टोक मेझिओबक्कलकडे रोखा, ईडीटीए जेल (डेंटिन मऊ करणारं) लावून पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं हलकं फिरवा. तरीही अडलं तर वरची कड अजून शिल्लक आहे. ती काढा म्हणजे वळणच कमी होतं.

दोन्ही कॅनॉल जुळतात का हे बघायला एमबी-वनमध्ये पूर्ण लांबीपर्यंत जीपी (कॅनॉल भरायची गटापर्चाची काडी) बसवा आणि एमबी-टूमध्ये फाईल घालून बाहेर काढा. जीपीवर ओरखडा उठला, तर तेवढ्या उंचीवर दोन्ही एक झाले. मग एमबी-वन पूर्ण लांबीने आणि दुसरा जुळणीपर्यंत भरायचा.

याच दाढेचं पॅलॅटल मूळ टोकाशी अनेकदा गालाकडे वळतं. तो बाक एक्स-रेच्या सपाट चित्रात दिसतच नाही, म्हणून फोटोत बरोबर वाटणारी लांबी प्रत्यक्षात टोकाबाहेर असू शकते. इथे ॲपेक्स लोकेटरवर (कॅनॉलची लांबी मोजणाऱ्या यंत्रावर) भरवसा ठेवा.

खालची पहिली दाढ

इथे दोन गोष्टी सुटतात. पहिली, मेझिअल मुळातला मधला कॅनॉल. एमबी (गालाकडच्या) आणि एमएल (जिभेकडच्या) ओरिफिसना जोडणाऱ्या खाचेत तो असतो. खाच अल्ट्रासॉनिकने हलक्या हाताने साफ करा आणि १० नंबरची फाईल जागोजागी टेकवून बघा. पण त्या मुळाची डिस्टल भिंत फर्केशनच्या खाली फार पातळ असते, कित्येकदा १ मि.मी.हूनही कमी. मोठी फाईल किंवा गेट्स-ग्लिडन बर त्या बाजूला दाबून चालवलं, तर भिंत लांबट फाटते. रक्त कॅनॉलच्या टोकातून न येता बाजूने येत असेल, पेपर पॉइंटच्या कडेला लाल रेघ उठत असेल, तर तेच झालंय.

दुसरी, जिभेकडचं जादा डिस्टल मूळ, रॅडिक्स एंटोमोलॅरिस. कॅराबेली यांनी १८४४ मध्येच त्याची नोंद केली होती. होय, वरच्या दाढेवरच्या त्या जादा उंचवट्याला ज्यांचं नाव आहे तेच. पूर्व आशियात हे मूळ बऱ्याच लोकांत आढळतं. आपल्याकडे कमी, पण ज्याला सापडेल त्याला त्रास देण्याइतकं पुरेसं. त्याचं ओरिफिस नेहमीच्या डिस्टल ओरिफिसपासून जिभेकडे आणि जरा मेझिअलला असतं, म्हणून ॲक्सेसचा त्रिकोण चौकोनी करावा लागतो. हे मूळ बारीक आणि टोकाशी गालाकडे वळलेलं असतं. सरळ प्रवेश न घेता रोटरी (मशीनवर फिरणारी) फाईल घातली तर ती इथे मोडते. आधी हाताने १५ पर्यंत वाट मोकळी करा.

खालची दुसरी दाढ: सी-आकार

कुक आणि कॉक्स यांनी १९७९ मध्ये ही रचना प्रकाशात आणली. चीन-कोरियातल्या लोकांत ती साधारण तिघांत एकाच्या आसपास सापडते, आपल्याकडे त्या मानाने बरीच कमी. एक्स-रेत मुळं जुळलेली, एखाद्या शंकूसारखी दिसतात, आणि दोन मुळांमधलं हाड नीट उमटत नाही. उघडल्यावर चेंबर नेहमीपेक्षा खोल लागतं आणि वेगवेगळ्या ओरिफिसऐवजी एक वाकडी पट्टी दिसते.

इथे दोन चुका घडतात. पट्टीला तळाचं भोक समजून घाबरून काम थांबवलं जातं, किंवा तिच्या दोन टोकांना दोन कॅनॉल मानून मधला भाग तसाच सोडला जातो. पट्टीच्या दोन टोकांना आणि मध्ये, अशा तीन ठिकाणी फाईल घालून फोटो घ्या. खाली जाताना आकार बदलतो. वर अखंड पट्टी असली तरी मध्यावर दोन वेगळे कॅनॉल होऊ शकतात, आणि उलटही होतं.

जिभेकडची भिंत इथे सर्वांत पातळ असते, तिथेच मुळावर उभी खाच असते. म्हणून मधल्या दुव्यात २५ नंबरपेक्षा जाड फाईल चालवू नका. तिथली स्वच्छता फाईलपेक्षा हायपोवर आणि अल्ट्रासॉनिक हलवण्यावर सोडायची. थंड लॅटरल पद्धतीने (जीपीच्या काड्या बाजूला दाबून) भरलं तर पट्टीचे पातळ भाग रिकामे राहतात. गरम, वाहती जीपी वापरणं बरं. पुढे पोस्ट (मुळात बसवायची आधाराची दांडी) लावायचीच असेल तर फक्त डिस्टल बाजूला.

प्रीमोलर आणि पुढचे दात

खालचा पहिला प्रीमोलर दिसायला सोपा, करायला कठीण. एक कॅनॉल अर्ध्या वाटेवर दोन होतो आणि जिभेकडचा फाटा जवळजवळ काटकोनात निघतो. ॲक्सेस जिभेकडे थोडा वाढवा, १० नंबरच्या फाईलच्या टोकाला ठसठशीत बाक द्या आणि जिभेकडच्या भिंतीला घासत खाली न्या. फाट्यात टोक 'पडतं'. मेंटल फोरामेन (जबड्यातून नस बाहेर पडते ते भोक) जवळ असतं, म्हणून इथे फाईल आणि हायपो दोन्ही टोकाबाहेर जाता कामा नयेत.

खालच्या पटाशीच्या दातांत साधारण चारांपैकी एकात किंवा त्याहून जास्त दातांत दोन कॅनॉल असतात, पण वेगळी टोकं क्वचित. जिभेकडचा सुटतो, कारण ॲक्सेस इन्सिजल कडेकडे (दाताच्या चावायच्या धारेकडे) पुरेसा वाढवलेला नसतो आणि जिभेकडचा डेंटिनचा उंचवटा तसाच राहतो.

वरच्या लॅटरलच्या (पटाशीच्या बाजूच्या दाताच्या) मुळाचं टोक बहुधा डिस्टलकडे आणि टाळूकडे वळतं. दाताच्या आत आणखी एक दात असल्यासारखी एनॅमलची घडी दिसली तर तो डेन्स इन्व्हॅजिनेटस. ओह्लर्स यांनी १९५७ मध्ये त्याचे तीन प्रकार केले, त्यातला तिसरा सरळ एंडोडॉन्टिस्टकडे पाठवा. वरचा सुळा लांब असतो, २५ मि.मी.ची फाईल कमी पडते, ३१ची जवळ असू द्या. वरच्या दुसऱ्या दाढेत उलट आश्चर्य असतं: कॅनॉल जवळजवळ, कधी एका रेघेत, कधी फक्त दोन किंवा एकच. तिथे चौथ्यासाठी हट्टाने खणू नका.

लांबी, हायपो आणि थांबायची वेळ

मोठ्या फाईलआधी ८ आणि १० नंबर, आणि प्रत्येक फाईलनंतर १ ते २ मि.लि. हायपो. सुई ३० गेजची, बाजूने भोक असलेली, लांबीपेक्षा २ मि.मी. कमी, आणि कॅनॉलमध्ये सैल. सुई अडकलेली असताना पिस्टन दाबला की हायपो बाहेर जातो आणि काही क्षणांत गाल सुजतो. शेवटी १७ टक्के ईडीटीए एक मिनिट, मग पुन्हा हायपो. क्लोरहेक्झिडिन वापरायचं असेल तर मध्ये सलाईनने धुवा. हायपोशी मिसळलं की तपकिरी साका बसतो. ॲपेक्स लोकेटर लावताना चेंबरमध्ये हायपोचं तळं नको आणि फाईल कॅपच्या धातूला टेकता कामा नये, नाहीतर आकडा खोटा येतो.

सीबीसीटी (दातांचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) प्रत्येक दाताला नको. आरसीटी होऊनही दुखणारी दाढ, तळ वाचूनही न कळणारी रचना, डेन्स, पुन्हा करायची आरसीटी, यासाठी लहान क्षेत्राचा स्कॅन घ्या. जबड्याचा मोठा स्कॅन घेऊन बारीक कॅनॉल दिसत नाहीत आणि रेडिएशन मात्र जास्त जातं. धातूची कॅप असेल तर आधी ती काढून मग पाठवा, तिच्या चकाकीत एमबी-टू हरवतो.

"आज संपवूनच टाका की, गगनबावड्याहून परत यायचं म्हणजे दिवस मोडतोय" असं पेशंट म्हणणारच. एसटीचा खर्च, शेतातलं काम, सगळं खरं आहे. पण चौथा कॅनॉल न सापडता दाढ बंद केली तर त्याला तीच खेप पुढे दुखत मारावी लागेल. सापडलेले कॅनॉल स्वच्छ करा, कॅल्शियम हायड्रॉक्साइड घाला, वर किमान ३.५ ते ४ मि.मी. जाडीचं तात्पुरतं फिलिंग द्या. फिलिंग पातळ झालं तर गळतं आणि पुढच्या खेपेला कॅनॉल पुन्हा दूषित मिळतात.

कार्डावर नोंद अशी असावी: दात नंबर, किती ओरिफिस दिसले, प्रत्येक कॅनॉलची लांबी आणि ती कोणत्या कस्पपासून मोजली, कोणता कॅनॉल कुठे जुळला. न सापडलेल्याचीही नोंद हवी: "एमबी-टू शोधला, २ मि.मी. चर, लागला नाही, सीबीसीटी सांगितला." पुढे दाढ दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, तर त्याला हा चर कोणी आणि का पाडला हे कळतं आणि तो त्याच जागी आणखी खोल खणत बसत नाही.